टॉवर नसलेला विमानतळ, फायनलवर दोन विमानं: शनिवारी काय चुकलं?

रानवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे विमानं उडवणारे चार-पाच जण तरी आहेत हे माहीत आहे, म्हणून हा धागा काढतोय. मी ओहायोत राहतो. गेल्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला, आतापर्यंत ११० तास झालेत, बहुतेक सगळे सेस्ना १७२ वर. आमचा विमानतळ छोटा आहे. एकच धावपट्टी, पूर्व-पश्चिम, एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७. टॉवर नाही.

शनिवारी दुपारी लखलखीत ऊन होतं, पश्चिमेचा हलका वारा, म्हणून धावपट्टी २७, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं. मी एकटाच उतरण्या-उडण्याचा सराव करत होतो. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेच्या टप्प्यावर, आलो तेव्हा रेडिओवर सांगितलं. तिथून काटकोनात बेसवर वळलो तेव्हा सांगितलं. मधे एक आवाज ऐकू आला होता, नकाशावरच्या कुठल्या तरी पाच अक्षरी बिंदूचं नाव घेऊन "इनबाउंड, आरनॅव्ह टू सेव्हन" असं काहीतरी, म्हणजे यंत्रांच्या आधारानं २७ वर उतरायला येतोय. तो बिंदू कुठे असतो हे मला कळलं नाही. माझं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे यंत्रांच्या आधारानं उडण्याचा परवाना, झालेलं नाही. मनात म्हटलं, असेल कुठेतरी लांब.

बेसवर असताना, फायनलला, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीच्या रेषेत, वळण्याआधी सवयीनं उजवीकडे पाहिलं. एक पांढरा दिवा दिसला. पहिल्या क्षणी वाटलं, खालच्या रस्त्यावरची गाडी आहे. पण तो दिवा हलत नव्हता, नुसता मोठा होत होता. दोन इंजिनांचं विमान, जवळजवळ माझ्याच उंचीवर, सरळ धावपट्टीच्या रेषेत. मी पूर्ण पॉवर दिली, डावीकडे घट्ट वळलो आणि धावपट्टीला समांतर वर चढत गेलो. ते माझ्या उजवीकडून, जरासं खालून निघून गेलं. अंतर किती ते सांगता येणार नाही, पण त्याच्या खिडक्या मोजता आल्या असत्या.

उतरल्यावर त्या वैमानिकाला भेटलो. साठीचा शांत माणूस, त्याचाही चेहरा उतरलेला होता. तो म्हणाला, "मी तीनदा सांगितलं होतं." मीही तीनदा सांगितलं होतं. दोघंही खरं बोलत होतो.

दोन रात्री झोप लागलेली नाही. दोघं बोलत होतो, ऊन होतं, दोघांची विमानं धडधाकट होती, तरी हे झालं. तुम्ही लोक काय करता? माझं नेमकं कुठे चुकलं?

----

मुक्ता_ढगातली

रानवारा, सगळ्यात आधी, तुम्ही सुखरूप आहात ही गोष्ट मोठी आहे. आणि लगेच लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मी टेक्सासमधे फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे, चौदा वर्षं झाली. असा अनुभव पुष्कळांना येतो आणि ते गप्प बसतात.

तुम्ही उजवीकडे पाहिलंत, त्यामुळे तुम्ही आज इथे आहात. बेसवरून फायनलला वळण्याआधी लांबच्या फायनलकडे मान वळवून पाहायचं, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानीकपाळी ओरडते. सगळं लक्ष धावपट्टीकडे असतं आणि धोका नेमका पाठीमागच्या बाजूला असतो.

आता चूक. तुम्हाला एक कॉल कळला नाही आणि तुम्ही तो सोडून दिलात. तिथेच विचारायचं होतं: "आरनॅव्ह टू सेव्हनवर असलेलं विमान, धावपट्टीपासून किती मैलांवर आहात?" हे विचारायला लाज वाटण्याचं काही कारण नाही. पण मोठी चूक त्यांची. ढगांमधून यंत्रांच्या आधारानं येणाऱ्या वैमानिकांना बिंदूंची नावं घ्यायची सवय असते. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) मार्गदर्शक पत्रकात स्पष्ट सांगितलंय की टॉवर नसलेल्या विमानतळावर बोलताना अंतर आणि दिशा सांगा, कारण सर्किटमधल्या (धावपट्टीभोवती चौकोनात फिरणाऱ्या) विद्यार्थ्याला त्या नावांचा काही अर्थ लागत नाही. "पाच मैल पूर्वेला, सरळ फायनल, धावपट्टी २७, तीन हजार फूट उतरतोय." एवढं म्हटलं असतं तर तुमच्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहिलं असतं.

डावीकडे वळलात ते त्या क्षणी बरोबर होतं, तुम्ही त्याच्यापासून लांब गेलात. फक्त लक्षात घ्या, डाव्या पॅटर्नमधे, म्हणजे त्याच चौकोनात डावी वळणं घेताना, धावपट्टीच्या डावीकडे राहिलं की आपण डाउनविंडच्या बाजूला, पॅटर्नच्या पोटात असतो. समोरून कुणी डाउनविंडवर येत असेल तर तो आपल्या तोंडावर. म्हणून श्वास घेतल्याबरोबर पहिलं काम: मी कुठे आहे आणि काय करतोय हे रेडिओवर सांगणं.

----

शेवगाव_ते_सिएटल

मला विमानातलं काही कळत नाही, पण धागा वाचून थरकाप झाला. टॉवर नाही म्हणजे विमानांना कोणीच सांगत नाही? कोण आधी उतरणार, कोण थांबणार, हे ठरवतं कोण?

----

मुक्ता_ढगातली

कोणीच नाही. वैमानिक आपापसात. अमेरिकेत जनतेसाठी खुले असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि टॉवर आहेत ५०० च्या आसपास. म्हणजे टॉवर नसणं हीच इथली सर्वसाधारण गोष्ट आहे. त्या सगळ्या ठिकाणी एक ठरलेली रेडिओ फ्रीक्वेन्सी असते, तिच्यावर प्रत्येकजण आपण कुठे आहोत ते मोठ्यानं सांगतो. कुणाला उद्देशून नाही, हवेतल्या सगळ्यांना.

आणि धावपट्टीभोवती एक ठरलेला चौकोन असतो. धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जायचं ते डाउनविंड, मग काटकोनात वळून बेस, पुन्हा वळून फायनल. वळणं डावीकडे, जिथे वेगळं नमूद केलंय तिथे उजवीकडे. उंची साधारण जमिनीपासून १,००० फूट, मोठ्या आणि टर्बाइन विमानांना १,५००. बाहेरून येणाऱ्यानं ४५ अंशांच्या कोनात डाउनविंडच्या मध्याला येऊन मिळायचं.

घाटात अरुंद वळणावर आपण हॉर्न देतो ना, अगदी तसं आहे हे. हॉर्न दिला म्हणजे समोरचा ट्रक नाहीसा होत नाही. तो ऐकतोय का, काच बंद करून गाणी लावून बसलाय का, ते वळणापलीकडे गेल्यावरच कळतं. आणि घाटात चढणीच्या गाडीला आधी वाट देतात, तसा इथेही नियम आहे: उतरायला येणाऱ्या दोघांत जो खाली आहे त्याचा हक्क पहिला. मात्र त्याच नियमाच्या पुढच्या ओळीत म्हटलंय की खाली आहोत म्हणून फायनलवरच्या दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही.

----

निवृत्त_नियंत्रक

मी भारतात ३१ वर्षं विमान वाहतूक नियंत्रक म्हणून काम केले. टॉवरच्या आतला माणूस असल्याने टॉवर नसलेल्या जागांविषयी नेहमीच कुतूहल वाटत आले.

नोव्हेंबर १९९६ हा महिना आमच्या पिढीच्या मनातून जाणार नाही. १२ नोव्हेंबरला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ यांची टक्कर झाली. ३४९ माणसे गेली. दोन्ही विमाने नियंत्रकाशी बोलत होती. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचे होते, ते त्याखाली आले.

बरोबर एका आठवड्याने, १९ नोव्हेंबरला, अमेरिकेत इलिनॉयमधल्या क्विन्सी येथे दुसरी टक्कर झाली. आपल्याकडे तिची बातमी फार कुणी वाचली नसेल. क्विन्सीला टॉवर नव्हता. शिकागोहून निघालेले १९ आसनी बीचक्राफ्ट १९०० धावपट्टी १३ वर उतरत होते. तिला छेदणाऱ्या धावपट्टी ०४ वर एक किंग एअर विमान उड्डाणासाठी उभे होते, आणि त्याच्या मागे एक छोटे चेरोकी. उतरणाऱ्या वैमानिकांनी रेडिओवर विचारले, धावपट्टी चारवरचे विमान थांबणार आहे की उडणार आहे? किंग एअरकडून उत्तर आले नाही. उत्तर दिले मागच्या चेरोकीने, की मी थांबलो आहे. त्याच क्षणी उतरणाऱ्या विमानातल्या जमिनीची सूचना देणाऱ्या यंत्राने उंची उच्चारली आणि चेरोकीच्या वाक्याचा काही भाग त्या आवाजात बुडाला. वैमानिकांना वाटले, किंग एअरच बोलले. ते उतरले, किंग एअर उडायला निघाले, आणि दोन्ही विमाने छेदबिंदूवर एकमेकांवर आदळली. दोन्हींतली मिळून १४ माणसे गेली. उतरणाऱ्या विमानातले लोक धडकेतून वाचले होते. दार अडकले, आग पसरली.

तपासात मुख्य ठपका किंग एअरवर आला. त्यांनी फ्रीक्वेन्सी नीट ऐकली नाही, आजूबाजूला नीट पाहिले नाही. पण मला नेहमी ते उत्तर आठवते. टॉवरमधे आम्ही दिलेली सूचना वैमानिकाकडून पुन्हा वदवून घेतो, त्याच्या कॉलसाइनसह, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावासह. चुकीच्या माणसाने उत्तर दिले तर ते तिथल्या तिथे पकडता यावे यासाठी. टॉवर नसलेल्या ठिकाणी हे वदवून घेणारा कोणी नसतो. म्हणून रानवारा, तुम्हाला आलेले उत्तर नक्की कोणाचे आहे, हे प्रत्येक वेळी तपासा. विमानाचा प्रकार, रंग, जागा, काही तरी जुळले पाहिजे.

----

घार७१

नियंत्रक काका, तुमची पोस्ट दोनदा वाचली. धन्यवाद.

मी डोळ्यांबद्दल लिहितो. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मी पहिल्यांदा उडलो आणि तिथे मास्तरांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे बाहेर बघ. यंत्रं नंतर.

रानवारांनी लिहिलंय, "दिवा हलत नव्हता, नुसता मोठा होत होता." हे वाक्य सगळ्यांनी पुन्हा वाचा. जे विमान काचेवर सरकताना दिसतं ते आपल्याला धडकणार नसतं. जे काचेवर एकाच जागी चिकटून बसतं ते धडकणार असतं. आणि माणसाचा डोळा नेमका हलणाऱ्या गोष्टी टिपायला घडलेला आहे. स्थिर ठिपका त्याला खिडकीवरच्या चिलटासारखा वाटतो.

आता हिशोब करू. सेस्ना १७२ च्या पंखांची लांबी ३६ फूट. एक सागरी मैलावरून ते विमान चंद्राच्या रुंदीपेक्षाही लहान दिसतं, आणि समोरून येत असेल तर पंख म्हणजे नुसती रेघ. दोन्ही विमानं १०० नॉटनं (तासाला १०० सागरी मैल) समोरासमोर येत असतील तर तो मैल १८ सेकंदांत संपतो. एफएएच्या पत्रकात एक जुना तक्ता आहे: वस्तू दिसणं, ते विमान आहे हे कळणं, टक्कर होणार हे उमगणं, ठरवणं, हात हलवणं, विमानानं प्रतिसाद देणं, सगळं धरून १२.५ सेकंद लागतात. त्यातले पाच सेकंद नुसते "हा आपल्याकडेच येतोय" हे उमगण्यात जातात. १८ मधून १२.५ गेले. राहिले साडेपाच. तेवढ्यात तो दिसला पाहिजे. उशिरा दिसला तर, अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट, या हिशोबानं शेवटच्या चार-पाच सेकंदांत तो एकदम फुगतो.

म्हणून नजर झाडूसारखी फिरवायची नाही. डोळा फिरत असताना त्याला जवळजवळ काही दिसत नाही. दहा-दहा अंशांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद थांबायचं. आणि निरभ्र आकाशात काहीच धरायला नसेल तर डोळा आपोआप एक-दोन मीटरवर स्थिरावतो, तेव्हा अधूनमधून क्षितिजावरच्या ढगाकडे, टेकडीकडे बघून घ्यायचं. शिवाय काचेच्या चौकटीचा खांब. त्याच्यामागे अख्खं विमान लपतं, डोकं पुढेमागे हलवलंच पाहिजे.

१९९१ साली ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास संस्थेनं "पाहा आणि टाळा" या तत्त्वाच्या मर्यादांवर अहवाल काढला होता. त्यातला एक मुद्दा माझ्या डोक्यात कायमचा बसलाय: कुठे बघायचं हे आधी कळलेल्या माणसाचं शोधणं आठपट परिणामकारक असतं. रेडिओचा खरा उपयोग तोच. रेडिओ विमान टाळत नाही. मान कुठे वळवायची ते सांगतो.

----

कोऱ्हाळे_बुद्रुक

विषय निघालाय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी इथे मिडवेस्टमधे चार्टर कंपनीत टर्बोप्रॉप उडवतो. सरळ फायनलनं येणाऱ्यांना सगळे शिव्या घालतात, पण ते बेकायदा नाही. ढगातून ५०० फुटांवर बाहेर पडलो तर समोर धावपट्टी असते, तिथून चौकोन कसा मारणार? आणि वेगवान विमान खालच्या उंचीवर गोल फिरवणं हाही धोकाच आहे, प्रवासी मागे बसलेले असतात.

----

मुक्ता_ढगातली

ढगातून येताना कोणी हरकत घेत नाही. पण शनिवारी ओहायोत लखलखीत ऊन होतं असं रानवारांनी लिहिलंय.

वॉटसनव्हिल आठवतंय ना? कॅलिफोर्निया, १८ ऑगस्ट २०२२. टॉवर नाही. एक सेस्ना १५२ पॅटर्नमधे होतं, एकटा वैमानिक. दुसरं दोन इंजिनांचं सेस्ना ३४०, त्यानं १० मैलांवरून सांगितलं, सरळ फायनलनं येतोय, मग ३ मैलांवरून सांगितलं. छोट्यानं बेसवर वळताना सांगितलं. सगळं शिस्तीत बोललं गेलं. पण मोठं विमान सुमारे १८० नॉटनं येत होतं. १८० नॉट म्हणजे मिनिटाला तीन मैल. म्हणजे "तीन मैल" हे शब्द उच्चारले तेव्हा एकच मिनिट उरलं होतं. छोट्या विमानातल्या माणसाला वाटलं असणार, तीन मैल, म्हणजे अजून वेळ आहे. त्याच्या स्वतःच्या विमानाला तेवढ्या अंतराला दोन मिनिटांच्या पुढे लागतात. शेवटी त्यानं सांगितलं की तू फार वेगानं येतोयस, मी गो-अराउंड करतो, म्हणजे न उतरता पुन्हा वर जातो. त्यानंतर काही सेकंदांत टक्कर. तिघं गेले.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, मैल ऐकून थांबू नका, विमानाचा प्रकार ऐका आणि मैलांचे सेकंद करा.

----

कोऱ्हाळे_बुद्रुक

मान्य. वॉटसनव्हिलबद्दल दुमत नाही, त्या वेगाला तिथे काही कारणच नव्हतं. सरळ फायनलनं येणाऱ्याला आपोआप पहिला मान मिळत नाही, पॅटर्नमधल्यांना विस्कटायचं नाही, हे मलाही पटतं.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बरं. आमच्याकडे दोन रेडिओ असतात. वीस मैलांवर असतानाच दुसऱ्या रेडिओवर त्या विमानतळाची फ्रीक्वेन्सी लावून ऐकायला लागतो. पहिल्यावर अप्रोचचा, म्हणजे विमानतळाकडे येणारी विमानं सांभाळणारा, नियंत्रक बोलत असतो आणि तो पुष्कळदा अगदी उशिरा सोडतो, पाच-सहा मैल उरल्यावर. तोवर गप्प राहिलं तर खालच्यांच्या दृष्टीनं आपण अस्तित्वातच नाही. रानवारांच्या त्या माणसाचं हेच झालं असावं असं मला वाटतं. दुसरं, दहा मैलांच्या आत पॅटर्नमधे कोणी आहे हे कळलं आणि हवा स्वच्छ असली की वेग आधीच उतरवतो आणि सरळ सांगतो, "सेस्ना, तुम्ही आधी उतरा, मी वरून ओलांडून तुमच्या मागे येतो." चार मिनिटं जास्त लागतात. कंपनीनं आजवर कधी त्या चार मिनिटांचा हिशोब मागितलेला नाही.

----

आर्याची_आई

मी इथे नेहमी फक्त वाचते. आज लिहितेय कारण माझी मुलगी कॅनडात कमर्शियल पायलटचं शिक्षण घेतेय, आत्ता एकोणीस वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात तिचं पहिलं एकटीचं उड्डाण आहे. जुलै २०२५ मधे मॅनिटोबात स्टाइनबाखजवळ दोन शिकाऊ विद्यार्थी, एक केरळचा मुलगा आणि एक कॅनडाची मुलगी, उतरण्याचा सराव करताना एकमेकांच्या विमानांना धडकले आणि दोघंही गेले. दोघांच्या विमानांत रेडिओ होते असं बातमीत होतं. तेव्हापासून मी तिला रोज फोन करते आणि विमानाबद्दल एक अक्षर विचारत नाही, कारण काय विचारायचं तेच कळत नाही. हा धागा वाचून भीती वाढली की कमी झाली, सांगता येत नाही. मी तिला काय विचारू?

----

मुक्ता_ढगातली

ताई, तुमची भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. माझी आई अजूनही मी उतरल्यावर मेसेज करेपर्यंत जेवत नाही.

विचारायला सोपे प्रश्न देते. तिला विचारा, "एकटी उडशील तेव्हा सर्किटमधे तुझ्या पुढे कोण आहे हे तुला कसं कळतं?" तिला हे सांगायला आवडेल. तिनं उत्तर दिलं की "आणि तो दिसला नाही तर?" असं विचारा. बरोबर उत्तर हे: दिसेपर्यंत वळायचं नाही, डाउनविंड लांबवायचं, रेडिओवर त्याची जागा विचारायची, आणि मनात जरा जरी शंका असली तर गो-अराउंड. कोणी रागावत नाही. तिच्या तोंडून हे सहज आलं तर समजा, शिकवणारा चांगला आहे.

आणखी एक. छोट्या विमानांत काहींचे पंख वर असतात, काहींचे खाली. वरच्या पंखाच्या विमानाला डोक्यावरचं दिसत नाही, खालच्या पंखाच्या विमानाला पायाखालचं दिसत नाही. फायनलवर खालचे पंख असलेलं विमान वर आणि वरचे पंख असलेलं विमान खाली अशी जोडी जमली तर दोघंही एकमेकांना शोधत राहतील आणि दिसणार नाहीत. हे तिला माहीत असेलच, तरी विचारा. आपल्या आईला हे कळतं, याचं पोरांना फार अप्रूप असतं.

----

मेलबर्नकर

ताई, मुलीला शुभेच्छा.

इथला एक दाखला देतो. मेलबर्नच्या उत्तरेला मँगलोर नावाचं गाव आहे, हो, आपल्या मंगळुरूचंच नाव. तिथे टॉवर नसलेला विमानतळ आहे, वैमानिक प्रशिक्षणाचं मोठं ठिकाण. १९ फेब्रुवारी २०२० ला एक दोन इंजिनी पायपर सेमिनोल तिथून उडालं आणि एक बीच ट्रॅव्हल एअर तिकडे येत होतं. दोन्हींत प्रशिक्षण चालू होतं. दोघांनाही नियंत्रकानं एकमेकांची माहिती दिली होती. तरी हवेत टक्कर झाली, चौघं गेले. यंत्रांवर उडण्याच्या नियमांखाली असलेल्या दोन नागरी विमानांची या देशातली ती पहिली टक्कर होती.

मला त्यातलं हे सलतं: दोन्ही विमानं स्वतःची जागा सतत प्रसारित करत होती, एडीएस-बी आउट दोघांकडे होतं. पण दुसऱ्याची जागा पाहायची सोय, एडीएस-बी इन, एकाकडेही नव्हती. दोघंही बोलत होते आणि दोघंही बहिरे होते. आता टॅब्लेटवर दिसणारे स्वस्त रिसीव्हर मिळतात. मी तो घेतल्याशिवाय उडत नाही.

----

घार७१

रिसीव्हर जरूर घ्या, पण त्यावर विसंबू नका. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आउट सक्तीचं झालं ते ठरावीक हवाई क्षेत्रांत. लहान गावच्या विमानतळावर एखादं १९४० च्या सुमाराचं पायपर कब येतं, त्यात वीजपुरवठाच नसतो, रेडिओही नसतो, आणि ते पूर्ण कायदेशीर असतं. तो टॅब्लेटवर कधीच दिसणार नाही. पॅटर्नमधे आल्यावर मी टॅब्लेट बघत नाही.

ग्लायडरवाले एक करतात. एका थर्मलमधे (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात) दुसरा शिरला की पहिला ज्या दिशेनं फिरतोय त्याच दिशेनं फिरायचं. वाद नाही, चर्चा नाही. जो आधी आहे त्याचा चौकोन मान्य करायचा.

----

शेवगाव_ते_सिएटल

एक प्रश्न राहिला. रेडिओवर सगळे एकदम बोलले तर?

----

मुक्ता_ढगातली

कर्कश शिट्टीसारखा आवाज येतो आणि कोणाचंच ऐकू येत नाही. शिवाय एकच फ्रीक्वेन्सी अनेक विमानतळांना वाटलेली असते. १२२.८ वर शनिवारी दुपारी मला साठ मैलांवरच्या गावांचे कॉल ऐकू येतात. म्हणून वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे विमानतळाचं नाव घ्यायचं. आणि कृपा करून "आसपास कोणी असेल तर कळवा" हा कॉल देऊ नका. सूचनांमधे तो स्पष्टपणे मना केलाय. आपण विचारलं की पाच जण एकाच वेळी उत्तर देतात आणि पुन्हा तीच शिट्टी. आधी दोन मिनिटं गुपचूप ऐका, कोण कुठे आहे ते मांडीवरच्या कागदावर लिहा, मग स्वतःचं सांगा.

----

रानवारा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभरानं लिहितोय.

त्या वैमानिकाला मी फोन केला. गुरुवारी संध्याकाळी आम्ही विमानतळावरच्या छोट्या खोलीत भेटलो. त्यानं त्याच्या टॅब्लेटवर नोंदलेला त्या दिवसाचा मार्ग आणला होता. कोऱ्हाळेकर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. अप्रोचच्या नियंत्रकानं त्याला सोडलं तेव्हा धावपट्टीपासून पाच मैल उरले होते. माझा डाउनविंडचा कॉल त्याच्या आधीचा. तो त्यानं ऐकलाच नव्हता. त्याचे तीन कॉल झाले ते त्यानंतरच्या दोन मिनिटांत, त्यातला एक माझ्या बेसच्या कॉलवर आदळला असणार, कारण आम्हा दोघांनाही तो आठवत नव्हता. टॅब्लेटवर माझ्या विमानाचा त्रिकोण पूर्ण वेळ दिसत होता. त्याची नजर यंत्रांवर होती, तो सरावासाठी यंत्रांवर उतरत होता.

त्यानं स्वतःहून सांगितलं की यापुढे सरावाला कोणीतरी सोबत नेईन, बाहेर बघायला. मी त्याला सांगितलं की मला तुझा बिंदू कळला नव्हता आणि मी विचारलं नाही. तिथला अप्रोचचा नकाशा त्यानं मला काढून दाखवला. तो बिंदू धावपट्टीच्या पूर्वेला सहा मैलांवर आहे. आता तो नकाशा माझ्या बॅगेत असतो. परवाना लागो न लागो, आपल्या विमानतळावर कोण कुठून येतं हे ठाऊक हवं.

आर्याच्या आई, मुलीचं उड्डाण झालं की इथे कळवा. मी वाट बघतोय.

आज सकाळी पुन्हा गेलो. उडायच्या आधी धावपट्टीच्या टोकाशी विमान पूर्ण गोल फिरवून फायनल आणि बेस, दोन्हीकडे पाहिलं, दिवे लावले, मग निघालो. तिसऱ्या फेरीला डाउनविंडवर असताना तोच आवाज आला. दहा मैल पूर्वेला, दोन इंजिनी, ४,००० फूट. मी माझी जागा सांगितली. थोडं थांबून तो म्हणाला, "सेस्ना, टॅब्लेटवर दिसतोस, डोळ्यांनी अजून नाही. मी वरून ओलांडून तुझ्या मागे डाउनविंडला येतो." मी मान वळवली, दहा-दहा अंशांनी, आणि बेसवर पोचेपर्यंत तो दिसला. या वेळी काचेवर सरकत होता.